बायपोलर आणि हृदय: मनाच्या गोळ्या चालू आहेत, पण रक्तदाब कोण तपासणार?

२९ सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. आणि त्यानंतर चारच दिवसांनी १४ ऑक्टोबर. याच दिवशी १९५६ साली बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. या पंधरवड्यात आपल्या अनेक वस्त्यांत आणि विहारांत आरोग्य शिबिरे होतात. एका टेबलावर रक्तदाब आणि साखर तपासली जाते. कुठे कुठे मानसिक आरोग्यावर व्याख्यानही ठेवले जाते. पण हे दोन विषय एकमेकांशी बोलत नाहीत. मनाचा आजार असलेला माणूस व्याख्यानाला बसवला जातो आणि रक्तदाबाच्या रांगेत त्याचे आईवडील उभे असतात.

खरे तर त्या रांगेत त्याने सर्वात आधी उभे राहायला हवे. विशेषतः त्याला बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार असेल तर. या आजाराने माणसाच्या मनाचे काय होते याची चर्चा आता थोडीफार होऊ लागली आहे. त्याच्या हृदयाचे काय होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

बायपोलर म्हणजे नेमके काय?

आनंद आणि दुःख सगळ्यांनाच होते. बायपोलरमध्ये मात्र मनाची अवस्था दोन टोकांना जाते आणि तिथे दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे अडकून राहते. एका टोकाला मेनिया, म्हणजे उन्मादाची अवस्था. माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, भराभर बोलतो, मोठमोठ्या योजना आखतो, पैसे उधळतो, चिडतो, आपण काहीही करू शकतो असे त्याला वाटू लागते. ही अवस्था आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकली आणि त्याचे काम, नाती बिघडू लागली, तर डॉक्टर तिला मेनिया म्हणतात. त्याहून सौम्य आणि कमी दिवसांची अवस्था म्हणजे हायपोमेनिया. दुसऱ्या टोकाला खोल नैराश्य. अंथरुणातून उठवत नाही, कशात रस राहत नाही, अपराधी वाटते, मरणाचे विचार येतात. हे किमान दोन आठवडे चालते. मधल्या काळात तोच माणूस अगदी व्यवस्थित असू शकतो.

हा आजार बहुतेकदा विशीच्या आसपास सुरू होतो, म्हणजे कॉलेज, स्पर्धा परीक्षा आणि चळवळीच्या वयात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना बायपोलर होता. आपल्या देशात २०१५-१६ साली निमहान्सने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण आपली परिस्थिती फार वेगळी आहे असे समजायचे कारण नाही.

चळवळीत एक वेगळी अडचण आहे. उन्मादाची सुरुवात आपल्याला आजार वाटतच नाही. एखादा तरुण अचानक रात्रंदिवस काम करू लागतो, पहाटे तीन वाजता ग्रुपवर लांबलचक संदेश टाकतो, प्रत्येक सभेत जोरदार भाषण करतो, खिशातले पैसे काढून बॅनर छापतो. आपण टाळ्या वाजवतो आणि त्याचे उदाहरण देतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो फोन उचलत नाही, तेव्हा म्हणतो, "थंड पडला पोरगा, घरच्यांनी अडवलं असेल." या दोन्ही अवस्थांत त्याचे हृदयही कामाला जुंपलेले असते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकन हार्ट असोसिएशन या हृदयरोगविषयक संस्थेने २०१५ साली एक वैज्ञानिक निवेदन प्रसिद्ध केले. किशोरवयीन आणि तरुणांमध्ये तीव्र नैराश्य आणि बायपोलर असेल, तर रक्तवाहिन्या कडक होण्याची आणि त्यांत चरबीचे थर साचण्याची प्रक्रिया लवकर सुरू होऊ शकते, असे त्यात म्हटले होते. म्हणून या दोन आजारांना हृदयविकाराचा मध्यम धोका वाढवणाऱ्या स्थितींमध्ये गणावे, अशी शिफारस होती. इथे विषय साठीतल्या माणसांचा नाही, अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींचा आहे.

२०१३ साली स्वीडनमधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ६५ लाख प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ६,६१८ जणांना बायपोलर होता. बायपोलर असलेल्या स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी ९ वर्षे आणि पुरुष साडेआठ वर्षे लवकर मरण पावत होते. आपल्याला वाटते की यामागे फक्त आत्महत्या असेल. आत्महत्येचा धोका खराच आहे आणि तो गंभीर आहे. पण हृदयविकार, मधुमेह आणि श्वसनाचे आजार यांनी होणारे मृत्यूही या लोकांमध्ये जास्त होते.

त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा आहे. ज्या बायपोलर रुग्णांचे हे शारीरिक आजार आधीच निदान होऊन नोंदले गेले होते, त्यांच्यातील त्या आजारांच्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या जवळपास आले होते. याचा अर्थ साधा आहे. वेळेवर रक्तदाब मोजला, साखर तपासली, छातीच्या तक्रारीकडे लक्ष दिले, तर गमावली जाणारी ही वर्षे बऱ्याच अंशी वाचवता येतात. स्वीडनसारख्या देशात, जिथे आरोग्यसेवा सर्वांना उपलब्ध आहे, तिथेही तपासणी राहून जाते. मग आपल्याकडे किती राहत असेल, याचा विचार करावा.

आपली आणखी एक अडचण आहे. 'इंटरहार्ट' या बहुदेशीय अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मध्यम वय ५३ वर्षे आढळले. इतर देशांत ते सुमारे ५९ होते. म्हणजे भारतीय माणसाचे हृदय मुळातच लवकर धोक्यात येते. त्यात बायपोलर आला तर धोक्यावर धोका चढतो.

मनाचा आजार हृदयापर्यंत कसा पोहोचतो?

याचे एकच कारण नाही. चार-पाच वाटा आहेत आणि त्या एकमेकींना मिळतात.

पहिली वाट शरीराच्या आतली. उन्माद असो की नैराश्य, शरीर तणावाच्या अवस्थेत राहते. तणावाची संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतात, साखरेचे नियंत्रण बिघडते. रक्तात सूज निर्माण करणारे घटक वाढतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. हृदयाचे ठोके गरजेनुसार कमी-जास्त करणारी मज्जासंस्थाही नीट जुळवून घेत नाही. हे वर्षानुवर्षे चालले की रक्तवाहिन्या वयाआधी म्हाताऱ्या होतात.

दुसरी वाट झोपेची. उन्मादात झोप लागत नाही, नैराश्यात कधी लागत नाही तर कधी दिवसभर माणूस झोपून राहतो. बिघडलेली झोप रक्तदाब, वजन आणि साखर तिन्ही बिघडवते. आणि हीच झोप मोडली की बायपोलरचा नवा झटकाही येऊ शकतो.

तिसरी वाट सवयींची. मन ठिकाणावर नसले की माणूस विडी, सिगारेट, तंबाखू, खर्रा, दारू यांकडे वळतो. काही काळ बरे वाटते, पण तंबाखू रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि दारू झोप, मनःस्थिती व रक्तदाब बिघडवते. शिवाय ती गोळ्यांच्या परिणामातही अडथळा आणते. नैराश्यात चालणे-फिरणे थांबते, जेवणाच्या वेळा राहत नाहीत, चहा-बिस्किटे आणि वडापाववर दिवस निघतो.

चौथी वाट गरिबीची. आजारामुळे नोकरी जाते किंवा मिळतच नाही. मग घरात आधी कोणता खर्च कापायचा असा प्रश्न येतो, तेव्हा तपासण्या पहिल्यांदा कापल्या जातात. "गोळ्या तर चालू आहेत ना, मग रक्त कशाला तपासायचं?" हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येते.

आणि पाचवी वाट औषधांची. त्याविषयी स्वतंत्रपणे आणि सावधपणे बोलायला हवे.

गोळ्या बंद करू नका, पण गोळ्यांवर लक्ष ठेवा

बायपोलरच्या काही औषधांनी वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकते. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांच्याबाबत हे जास्त दिसते, क्वेटियापिनबाबतही दिसते. व्हॅल्प्रोएटने वजन वाढू शकते. अ‍ॅरिपिप्राझोलसारख्या काही औषधांत हा त्रास तुलनेने कमी असतो. काही औषधांमुळे हृदयाच्या विद्युत लयीत फरक पडू शकतो, म्हणून आधीपासून हृदयाचा त्रास असेल किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात.

एवढे वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर या लेखाने नुकसान केले असे होईल. अचानक औषध थांबवले की आजार पुन्हा उसळतो आणि प्रत्येक उसळीत मनाबरोबर हृदयालाही ताण पडतो. वजन वाढत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. डोस बदलता येतो, औषध बदलता येते, साखर-कोलेस्टेरॉलसाठी वेगळे औषध देता येते. निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा, एकट्याने घरी घ्यायचा नाही.

लिथियमबद्दल थोडे अधिक. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. पंचाहत्तर वर्षांनंतरही बायपोलरमध्ये ते महत्त्वाचे औषध आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करणारे म्हणून ते ओळखले जाते. पण त्याचे रक्तातील प्रमाण ठरावीक मर्यादेतच असावे लागते. कमी झाले तर उपयोग नाही, जास्त झाले तर विषबाधा. म्हणून काही महिन्यांनी रक्त तपासावे लागते. हे रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी देतात. सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही तपासणी होते. थायरॉइड मंदावले तर कोलेस्टेरॉल वाढते, म्हणजे प्रश्न पुन्हा हृदयापाशी येतो.

इथे एक धोका असा आहे जो दोन डॉक्टरांच्या मध्ये निसटतो. रक्तदाबाची काही नेहमीची औषधे, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या किंवा एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या गोळ्या, लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढवू शकतात. अंगदुखीसाठी मेडिकलमधून सहज घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकही तेच करू शकते. रक्तदाबाच्या डॉक्टरांना लिथियमची माहिती नसते आणि मानसोपचारतज्ज्ञांना रक्तदाबाच्या गोळीची. म्हणून लिथियम घेणाऱ्याने आपल्या सर्व गोळ्यांची चिठ्ठी कायम खिशात ठेवावी आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावी.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भरपूर घाम गेला, पाणी कमी पडले, जुलाब-उलट्या झाल्या तरी लिथियम वाढते. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, बोबडे बोलणे, उलट्या, गुंगी ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. पाणी नियमित प्यावे आणि कोणी सांगितले म्हणून जेवणातील मीठ एकाएकी बंद करू नये. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचे असेल तर तेही डॉक्टरांना सांगून, हळूहळू करावे.

'मेंटल' हा शिक्का जीव घेतो

आता सर्वात कडू भाग. एकदा माणसाच्या फाइलवर मानसिक आजार लिहिला गेला, की त्याच्या प्रत्येक तक्रारीचे उत्तर त्याच्या मनात शोधले जाते. छातीत दुखते म्हटले तर "टेन्शन घेऊ नको." धाप लागते म्हटले तर "घाबरतोस म्हणून." घरचे असे म्हणतात, मित्र म्हणतात आणि कधी कधी दवाखान्यातही हेच ऐकावे लागते.

घबराटीच्या झटक्यातही छाती धडधडते, घाम येतो, जीव जातो की काय असे वाटते, हे खरे आहे. पण हृदयविकाराच्या झटक्यातही हेच होते आणि दोन्हींतला फरक चेहरा पाहून कळत नाही. छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, थंड घाम, धाप, मळमळ यांपैकी काही अचानक सुरू झाले तर १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत दुखण्याऐवजी फक्त धाप किंवा थकवा एवढेच दिसू शकते. पहिला ईसीजी साधा आला तरी तेवढ्यावरून झटका नाही असे ठरत नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. न काढता "मनाचं आहे" म्हणणे हा जुगार आहे आणि तो दुसऱ्याच्या जिवावर खेळला जातो.

आपल्या समाजाला शिक्क्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. माणसाकडे न पाहता त्याच्यावरच्या खुणेकडे पाहणे म्हणजे काय, हे आपल्या पिढ्यांनी भोगले आहे. मग आपल्याच वस्तीतील आजारी माणसावर आपण तसाच शिक्का मारायचा का?

काय तपासायचे आणि केव्हा?

या तपासण्यांपैकी बहुतेक सरकारी रुग्णालयांत होतात. औषध सुरू करताना एकदा सर्व नोंद करावी आणि मग तिची तुलना करत राहावी.

१. वजन: औषध सुरू करताना, नंतर पहिले तीन महिने दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी. थोड्या आठवड्यांत अनेक किलो वाढले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

२. कंबर: साधी टेप पुरते. भारतीय पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे कंबर गेली तर हृदय आणि मधुमेह दोन्हींचा धोका वाढतो.

३. रक्तदाब: सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर उपचाराची गरज आहे. उन्मादाच्या काळात एकदाच मोजून निष्कर्ष काढू नये, शांत झाल्यावर पुन्हा मोजावा.

४. उपाशीपोटी साखर: सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि दरवर्षी. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची घंटा, १२६ किंवा जास्त असेल तर पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान करतात.

५. कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी: सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी.

६. लिथियम चालू असेल तर लिथियमचे प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंड.

७. तंबाखू आणि दारूबद्दल खरे उत्तर. धूम्रपान एकदम सोडले तरी ओलान्झापिन आणि क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. म्हणून सोडा जरूर, पण डॉक्टरांना सांगून सोडा.

सरकारी यंत्रणेत रक्तदाब-मधुमेहाची नियमित तपासणी सहसा वयाच्या ३० वर्षांनंतर धरली जाते. बायपोलर विशीत सुरू होतो. म्हणजे मधली दहा वर्षे हा तरुण कोणाच्याच यादीत नसतो. ती यादी आपण करायची आहे.

ध्यान, अष्टशील आणि अठरा तास अभ्यास

आपल्या काही प्रथांबद्दलही बोलले पाहिजे, कारण हा वाचक विहारात जाणारा आहे.

ध्यानाने मन शांत व्हायला आणि झोपेची शिस्त लागायला मदत होऊ शकते. रोज थोडा वेळ आनापान करणे चांगलेच. पण ध्यान हे लिथियमच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीच्या जागी येत नाही. दहा दिवसांची विपश्यना शिबिरे चालवणाऱ्या केंद्रांच्या सूचनांतही विपश्यना हा मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी हे शिबिर सुचवले जात नाही, असे सांगितलेले असते. पहाटे चारला उठणे, दिवसभराचे मौन, तासन्‌तास बसणे हे काही रुग्णांना झेपत नाही आणि झोप कमी झाली की उन्माद सुरू होऊ शकतो. म्हणून अर्जात आजार लपवू नका आणि "शिबिराला पाठवा, गोळ्या सुटतील" असा सल्ला कोणाला देऊ नका.

वर्षावासात अनेक उपासक-उपासिका उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. लिथियम किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. पाणी मात्र अजिबात तोडू नये. पाणी पिण्याने शील मोडत नाही.

जयंतीला आपण सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, रात्रभर भीमगीतांचे कार्यक्रम करतो. यामागची भावना मोठी आहे. पण बायपोलर असलेल्या तरुणाला झोपमोडीचे हे दिवस महाग पडू शकतात. त्याला संध्याकाळपर्यंतची जबाबदारी द्या आणि रात्री घरी पाठवा. बाबासाहेबांनी मधुमेहासारख्या आजाराशी झगडत अखेरपर्यंत लिहिले. पण ते औषधोपचार घेतच होते. त्यांच्या कष्टांचा आदर्श घेताना आजार अंगावर काढण्याचा आदर्श घेऊ नये.

आणि पंचशीलातील पाचवे शील तसेच २२ प्रतिज्ञांमधील दारू न पिण्याची प्रतिज्ञा या रुग्णासाठी नीतीबरोबरच औषधही आहे.

बुद्धांनी आजाऱ्याशी कसे वागायला शिकवले?

"मागच्या जन्मीचं भोगतोय" हे वाक्य अजूनही आपल्या काही घरांत ऐकू येते. संयुत्त निकायात मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग आहे. माणूस जे सुख-दुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांबद्दल त्याने विचारले, तेव्हा बुद्धांनी ते मत नाकारले. शरीरातील दोष, ऋतूतील बदल, निष्काळजीपणा, बाहेरून झालेली इजा अशी अनेक कारणे त्यांनी सांगितली. अडीच हजार वर्षांपूर्वी दिलेली ही दृष्टी आजच्या डॉक्टरांच्या दृष्टीच्या जवळची आहे. कारण शोधा आणि त्यावर उपाय करा.

विनयपिटकातील महावग्गात गग्ग नावाच्या भिक्खूंची नोंद आहे. त्यांचे चित्त ठिकाणावर नसे. कधी त्यांना उपोसथाची आठवण राहत असे, कधी नसे. कधी ते येत, कधी येत नसत. संघाने त्यांना हाकलले नाही. त्यांच्यासाठी बुद्धांनी वेगळा नियम केला, जेणेकरून ते आले तरी आणि न आले तरी संघाचे कर्म वैध राहील. पुढे चुल्लवग्गात असे आहे की आजाराच्या काळात केलेल्या कृत्यांसाठी त्यांना बरे झाल्यावर दोष देत राहू नये, याचीही सोय करण्यात आली. आपल्या संघटनांनी हा प्रसंग जरूर वाचावा. उन्मादाच्या काळात कार्यकर्ता काही बोलला, पैसे उडवले, भांडला, म्हणून त्याला कायमचे काढून टाकणारे आपण कोणाचे अनुयायी आहोत?

महावग्गातच अतिसाराने आजारी, मलमूत्रात पडलेल्या भिक्खूंचा प्रसंग आहे. बुद्धांनी आणि आनंदांनी त्यांना स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा समजावी असे भिक्खूंना शिकवले. त्याच ठिकाणी चांगला रुग्ण आणि चांगला शुश्रूषक कसा असावा हेही सांगितले आहे. चांगला रुग्ण औषध घेतो, पथ्य सांभाळतो, आजार वाढतोय की उतरतोय हे खरे सांगतो. चांगल्या शुश्रूषकाला काय हितकर आणि काय अहितकर हे कळते आणि त्याला किळस वाटत नाही. बायपोलरच्या रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी यापेक्षा नेमकी सूचना शोधून सापडणार नाही.

विहार आणि कार्यकर्ते काय करू शकतात?

पैसे फार लागत नाहीत. रक्तदाब मोजण्याचे एक डिजिटल यंत्र, वजनकाटा, कापडी टेप आणि एक वही. दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास हे टेबल मांडा. सर्वांचीच तपासणी करा, म्हणजे मनाचा आजार असलेल्याला वेगळे काढल्यासारखे वाटणार नाही. वही जबाबदार माणसाकडे ठेवा. कोणाला कोणती गोळी चालू आहे याची चर्चा विहाराबाहेर जाऊ देऊ नका.

औषध आणायला आणि तपासणीला रुग्णासोबत जाणारा एक साथीदार ठरवा. सोबत कोणी असले की डॉक्टरही जास्त वेळ देतात आणि "मनाचं आहे" म्हणून परत पाठवणे अवघड जाते. एकच प्रश्न पुरतो: "डॉक्टर, यांचा रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली होती?"

रोज अर्धा तास चालण्याचा गट करा. नैराश्यात माणूस एकटा घराबाहेर पडत नाही, पण दारात चारजण उभे असले तर निघतो.

हक्कही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सरकारी यंत्रणेत उपचार मिळण्याचा आणि शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीने वागणूक मिळण्याचा हक्क आहे. आरोग्य विम्यातही हा भेदभाव करता येत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा जिल्हा रुग्णालयांतून मिळते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. मरणाचे विचार येत असतील, तर आत्ताच हा फोन लावा आणि जवळच्या माणसाला सांगा.

यंदा आपल्या वस्तीत शिबिर ठरेल, तेव्हा आयोजकांनी एवढेच करावे. रक्तदाबाचे आणि मानसिक आरोग्याचे टेबल शेजारी शेजारी लावावे आणि मनाच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला, तो वीस वर्षांचा असला तरी, रक्तदाबाच्या टेबलावर हाताला धरून न्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!